गाडीखालून चिंचोक्यांसारखा खुळखुळाट आणि घाटात गाडी चढेना. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला का?

आमसुलवाली (चिपळूण)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि थोडी घाईची आहे, कारण पीयूसी या महिन्याच्या २८ तारखेला संपतेय.

गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बीएस ४. पासिंग पुण्याचं, मी सेकंडहँड घेतली. ९२,००० किलोमीटर झालेत. दोन वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. आमसुलं, आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ असा माल घेऊन मी दर गुरुवारी कुंभार्ली घाटाने कराडला जाते. मागची सीट पाडून शंभर-सव्वाशे किलो भरते, सीएनजी टाकीचं वजन वेगळं. घर या गाडीवर चालतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गणपतीच्या आधीपासून आवाज सुरू झाला. गाडी चालू केली की बुडाखालून, माझ्या पायांच्या थोडं पुढे, पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा खुळखुळाट. गाडी उभी असताना जास्त, रेस केली की कमी. स्पीडब्रेकरवर एकदाच ‘खळ्ळ’ वाजतं आणि गप्प.

मग दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, पोफळी सोडून घाटाला लागले, माल पूर्ण भरलेला, गाडी सीएनजीवर. तिसऱ्या गिअरला गचके द्यायला लागली आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा चक्क उघडझाप करू लागला. मी थांबले नाही. कराडला ऑर्डर द्यायची होती, तशीच नेली. वर पोचल्यावर दिवा स्थिर झाला, तो अजून तसाच आहे. त्या दिवसापासून ताकद कमी होत चाललीय. पूर्वी तिसऱ्यात चढायची तिथे आता दुसऱ्यात ३० च्या वर काटा जात नाही. सपाटीलाही ७० नंतर कोणीतरी मागून दोरी धरल्यासारखी ओढते.

अजून एक. त्याच दिवशी परत आल्यावर अंगणातल्या सुक्या गवतावर गाडी लावली, तर दहा मिनिटांत जळका वास. वाकून बघितलं तर मधल्या डब्याखालचं गवत काळं पडलेलं. बादलीभर पाणी ओतलं गवतावर.

तीन गॅरेज झाली. पहिला म्हणाला पूर्ण सायलेन्सर बदला, ९,०००. दुसरा म्हणाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा तो मधला डबा, गेला, कंपनीचा घ्या, ४२,०००. तिसरा म्हणाला, ‘ताई, आतली जाळी छिन्नीने फोडून टाकतो, दीड हजारात काम.’ खाली घुसून हात लावून कुणीच बघितलं नाही. मेस्त्री बदलला की रोग बदलतो, तर विश्वास कशावर ठेवू? मला घरी अंगणात काय तपासता येईल ते सांगा. पाने चालवता येतात, तेल-फिल्टर मी स्वतः बदलते.

कराडचा फिटर

ताई, २२ वर्षं झाली या कामात. आधी घाई थांबवा आणि तीन आवाज वेगळे करा, कारण तिन्ही लोक एकच म्हणून विकतात.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सपाट जागी पुढून जॅकवर उचला, पण नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना दगड. मग मुठीने किंवा रबरी हातोडीने पुढून मागे ठोकत जा.

कन्व्हर्टरच्या भोवती पातळ पत्र्याचं कवच असतं, उष्णता अडवायला. त्याचे स्क्रू गंजून गळतात. तो पत्रा ‘झिर्रर्र’ असा झिणझिणतो, बोटाने दाबला की आवाज बंद. असलं निघालं तर मोठी लोखंडी होज क्लिप भोवती आवळायची, शंभर रुपयांत मिटतं. माझ्याकडे ‘कॅट गेला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत असल्या गाड्याही येतात, म्हणून हे पहिलं बघायचं.

दुसरा आवाज मागच्या सायलेन्सरच्या डब्यातला. आतले पडदे सुटले की मागून ठोकल्यावर वाजतं.

तिसरा म्हणजे कन्व्हर्टरच. त्यात आतला ठोकळा मातीच्या भांड्यासारखा असतो, तो सुटला की कपबशीचे तुकडे पिशवीत हलवावेत तसं वाजतं. तुमचे चिंचोके मला तसलेच वाटतात, पण न ठोकता मी सांगणार नाही. आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-चार सेकंद खडखड होऊन बंद होत असेल, आणि ती बॉनेटखालून येत असेल, तर ती टायमिंग चेन. तिचा इथे संबंध नाही.

आता खरं सांगतो. मला आवाजापेक्षा तुमचा तो उघडझाप करणारा दिवा जास्त लागला. स्थिर दिवा म्हणजे ‘सवडीने दाखव’. उघडझाप म्हणजे गाडी मिसिंग मारतीय, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, इतकी की कन्व्हर्टर जळेल, आत्ताच पाय काढ. ऑर्डर होती हे समजतं, पण पुन्हा असं झालं तर गाडी बाजूला घ्या. आता कोणता सिलिंडर मिसिंग मारत होता ते शोधल्याशिवाय ४२,००० चा नवा बसवला, तर तोही तसाच जाईल.

रोडकिंग

एवढं डोकं कशाला लावताय? जाळी फोडून टाका. माझ्या जुन्या गाडीची फोडली होती, पिकअप वाढला, अॅव्हरेजला काही झालं नाही. आपल्याकडे कोण खाली वाकून बघतंय.

धूरमापक (पुणे)

मी बरीच वर्षं गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांवर काम केलं आहे, म्हणून या सल्ल्यावर गप्प बसवत नाही.

ती ‘जाळी’ धूर अडवणारी गाळणी नाही. कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा ठोकळा असतो, मधाच्या पोळ्यासारखा, एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं. आतल्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन तिथे पूर्ण जळतं, नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन होतो. लेप २५०-३०० अंश सेल्सिअसच्या आसपास कामाला लागतो. जाळी फोडली की हे सगळं रस्त्यावर, शाळेच्या फाटकासमोर, तुमच्याच मागे उभ्या दुचाकीवाल्याच्या नाकात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं या लेपाला कायमचं निकामी करतं, म्हणून त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. एका डब्यासाठी देशाचं पेट्रोल बदललं, आणि आपण तो डबा छिन्नीने फोडायचा?

व्यवहाराचंही बोलतो. बीएस ४ पेट्रोल गाडीला पीयूसीत उभ्या इंजिनाला (इंजिन चालू, पण रेस न देता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतो, २,५०० आरपीएमला ०.२ टक्के. रिकाम्या डब्याने हे नीट साधत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल करता येत नाही.

ताई, जळक्या गवताबद्दल. न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि ठोकळा भट्टी होतो. १,४०० अंशांच्या वर सिरॅमिक वितळायला लागतं. भोकं गच्च बंद झाली की धुराला वाट राहत नाही, आणि ‘मागून दोरी धरल्यासारखं’ वाटतं ते त्याचंच. म्हणजे तुमच्याकडे दोन तक्रारी दिसतात: काही भाग सुटून खुळखुळतोय, काही भाग वितळून तुंबलाय. ठोकून पहिली कळेल, दुसरीसाठी दाब मोजावा लागेल.

दरम्यान सुक्या गवतावर, पेंढ्याजवळ गाडी लावू नका. आणि तपासताना बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

घरी करण्यासारखं: ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) मागवा, हजाराच्या आत मिळतो, मोबाइलवर अॅप चालतं. कोड पुसू नका, आधी लिहून इथे टाका. इंजिन गरम करून २,५०० ला धरा आणि कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आकडे बघा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होईल. मागचा ०.६-०.७ ला जवळपास स्थिर हवा. मागचाही पुढच्याची नक्कल करत नाचत असेल तर कन्व्हर्टर काम करत नाही. मात्र त्याआधी पाइपच्या सांध्यांतून गळती नाही ना ते बघा, बाहेरची हवा आत शिरली तरी मागचा सेन्सर फसतो.

आमसुलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा पूर्ण दिवस त्यातच गेला, शेजारचा भाचा मदतीला होता.

ठोकून बघितलं. पत्रा घट्ट आहे, दोन्ही स्क्रू जागेवर. मागचा डबा ठोकला, घट्ट ‘ठप’ आवाज. मधला ठोकला आणि खुळखुळलं, भाच्याने वरून सीटवर बसून ओळखलं की हाच तो. डब्याच्या बाहेरच्या बाजूला निळसर-जांभळा पट्टा पडलाय.

कोड तीन: पी ०४२० (कन्व्हर्टरचं काम कमी), पी ०३०० (मिसिंग) आणि पी ०३०३. सेन्सर बघितले, मागचा ०.२ ते ०.८ नाचतोय, पुढच्याच्या अर्धा क्षण मागे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून, मागच्या नळीला फडकं धरून बघितलं, बुडबुडे कुठेच नाहीत.

पी ०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर ना? मग आता कॉइल आणू की प्लग?

कराडचा फिटर

दोन्ही लगेच आणू नका. तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. प्लग हलवू नका. कोड लिहून झालेत तर आता पुसा. थोडा चढ बघून गाडी सीएनजीवर चालवा, पण जवळच, आणि दिवा उघडझाप केला की लगेच पाय काढा. कोड पी ०३०१ आला तर रोग कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइल खराब. ०३०३ च आला तर प्लग, नाहीतर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन बघायचं.

आणि चारही प्लग काढून ठिणगी पडते ती टोकांमधली फट मोजा. सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून फट वाढली की कॉइलवर आणखी ताण येतो. पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालते, सीएनजीवर चढाला लागली की मिसिंग. किट बसवणारे पुष्कळदा हे सांगत नाहीत. सीएनजीवाल्यांनी प्लग लवकर बदलावेत.

ऑइल किती खाते तेही लिहा. ऑइल जळत असेल तर त्यातला फॉस्फरस लेपावर बसतो आणि नवा कन्व्हर्टरही हळूहळू मरतो. कूलंट कमी होत असेल तर तेही.

मांडवीपार (गोवा)

माझ्या गाडीचा अनुभव सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. मी कन्व्हर्टर बदलला, आठवडाभर झकास, मग पुन्हा ताकद गेली. जुन्या ठोकळ्याचे तुकडे धुराच्या जोराने वाहत जाऊन मागच्या सायलेन्सरमध्ये अडकले होते. नवा बसवण्याआधी मागची नळी पूर्ण सोडवून उलटी करून झाडायला लावा, काँप्रेसरने मागून पुढे हवा मारा.

दुसरं, जुना डबा गॅरेजवर सोडून येऊ नका. त्यातल्या धातूंना भंगारात चांगली किंमत आहे. बिलात वळती करून घ्या.

आमसुलवाली

कॉइलची अदलाबदल केली. फरशी तिठ्याकडून निघून परशुराम घाटाच्या चढाला घेऊन गेले, सीएनजीवर. एका वळणावर गचका आला, लगेच पाय काढला, पेट्रोलवर टाकून परत फिरले. कोड पी ०३०१! कॉइलच. प्लग काढले तर फट चौघांचीही वाढलेली, तिसऱ्याची सर्वांत जास्त, १.३ मिलिमीटर. पुस्तकात ०.८ ते ०.९ दिलीय. हे प्लग सीएनजी बसवण्याच्याही आधीचे आहेत, बिलं काढून बघितली. दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता, मीही नाही. ऑइल ५,००० किलोमीटरला पाव लिटरही कमी होत नाही, कूलंटची पातळी खुणेवरच.

फिटर दादा, गुरुवारी मी रिकामी गाडी घेऊन कराडला येतेय, पेट्रोलवर, सावकाश. दाब तुम्ही मोजाल का?

कराडचा फिटर

या. सकाळी लवकर या, गाडी थोडी निवायला वेळ लागेल. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज लावतो. सेन्सर २२ चा पाना घेऊन पूर्ण थंड असताना ओढू नये, आटे निघतात. कोमट असताना गंज सोडवायचं तेल मारून काढायचा.

कराडचा फिटर

ताईंची गाडी बघितली. त्या अजून रस्त्यात आहेत, म्हणून मीच लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

दाब उभ्या इंजिनाला अडीच पीएसआय. तो सव्वा-दीडच्या आत हवा. २,५०० ला धरल्यावर ६ च्या वर गेला आणि चढतच राहिला. ३ च्या आत राहायला पाहिजे. शंका उरली नाही. त्यांना विचारून डबा उतरवला. पुढून टॉर्च मारली तर ठोकळ्याचं तोंड काचेसारखं चकाकतंय, मधोमध मुठीएवढा भाग वितळून खाली बसलेला. मागून बघितलं तर उरलेला ठोकळा तीन तुकड्यांत, भोवतीची फायबरची गादी जळून गेलेली. ती गादी नसली की ठोकळा सैल होऊन पत्र्यावर आपटतो, तेच चिंचोके. त्या गादीचा भुसा फुप्फुसाला वाईट, म्हणून कुणी घरी ग्राइंडरने डबा कापू नका. मांडवीपार म्हणतात ते खरं निघालं, मागची नळी झाडली तर ओंजळभर खडे पडले.

स्वस्तातला, वेल्डिंग करून बसवायचा डबा मी सुचवला नाही. त्यात लेप कमी असतो, वर्षभरात पी ०४२० परत आलेला मी बघितलाय. ताईंनी मूळ प्रतीचाच घेतला.

धूरमापक (पुणे)

वाचून बरं वाटलं. एक भर घालतो. निदान बरोबर झालं, कारण क्रम बरोबर होता: आवाज कुठला, काम करतोय का, तुंबलाय का, आणि कशाने मेला. बहुतेक गॅरेज दुसऱ्या प्रश्नावर थांबतात आणि पी ०४२० बघून थेट भाग बदलतात. पी ०४२० हा कोड ‘कन्व्हर्टर बदला’ असं सांगत नाही. मागचा सेन्सर जे बघतोय ते पटत नाही, एवढंच सांगतो.

ताई, पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी साठतं तिथून तापलेली गाडी नेता का? लालबुंद डब्यावर गार पाणी आलं तर सिरॅमिकला तडा जातो. मुख्य कारण कॉइलच, पण तुकडे तीन कसे झाले याला हेही जोडीला असू शकतं.

आमसुलवाली

हो, जुलैमध्ये दोनदा नेली होती, घाटातून उतरल्या उतरल्या. तो रस्ता आता सोडला.

खर्च लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा कुठेच सरळ आकडा मिळाला नाही. कन्व्हर्टर ३८,५००. जुन्याचे ६,००० वळते केले. कॉइल २,४००, चार प्लग १,३२०, दोन पॅकिंग आणि नवे नट ५४०, मजुरी २,२००. बेरीज ३८,९६०. माझ्यासाठी हा आकडा मोठा आहे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीचे जवळजवळ सगळे पैसे गेले. १,३२० रुपयांचे प्लग वेळेत बदलले असते तर कॉइलवर ताण आला नसता आणि एवढं झालंही नसतं, हे मला लागलंय. ज्यांच्या गाडीला बाहेरून किट बसवलंय त्यांनी आजच बिलं काढून प्लग कधी बदललेत ते बघा, ही विनंती.

काल माल भरून घाट चढले. पोफळीपासून तिसऱ्यात, ४५ ने, सीएनजीवर. दिवा नाही, गचका नाही. वर हेळवाकला थांबून अॅप बघितलं, मागचा सेन्सर ०.६८ वर जवळजवळ हलत नव्हता. सकाळी पीयूसी केली: कार्बन मोनॉक्साइड ०.०४, हायड्रोकार्बन ३८, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) १.००४. यंत्रावरच्या मुलाने स्वतःहून विचारलं, ‘ताई, कन्व्हर्टर नवा टाकला का?’

फिटर दादा, उभी असताना खालून अगदी बारीक ‘टिक टिक’ येते, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटं. काही राहिलं नाही ना?

कराडचा फिटर

ते पत्रे निवताना आकसतात, त्याचा आवाज. चालू इंजिनाला येत नाही ना? मग काळजी नाही. पॅकिंग नवीन आहे, एवढं करा: १,००० किलोमीटर झाले की गाडी पूर्ण थंड असताना दोन्ही नट तपासून आवळून घ्या. गुरुवारी इकडे आलात की मीच बघतो. येताना दोन किलो आमसुलं आणा, पैसे देऊन घेणार.